हजेरीतला सव्वीस नंबर

(१९८० सालच्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, जानेवारी २०२५ मध्ये केलेले भाषण. मोबाइलवरच्या ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले असून दोन-तीन ठिकाणी नंतर दुरुस्ती केली आहे.)



संयोजन समितीने मला दिलेला विषय होता 'निवृत्तीनंतरची गुंतवणूक'. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला दुसरं काय बोलायला सांगणार! त्या विषयावर मी दोनच वाक्यं बोलतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्या ८.२ टक्के व्याज आहे, ते सोडू नका. आणि प्रत्येक खात्याला, प्रत्येक ठेवीला नॉमिनी लावा. आज घरी गेल्यावर पासबुक काढून बघा. झाली गुंतवणूक. उरलेला वेळ मी दुसऱ्या कामासाठी मागून घेतो. अध्यक्षांची परवानगी मी सकाळी चहाच्या वेळी घेतली आहे. ते 'बोल' म्हणाले, पण काय बोलणार ते त्यांनी विचारलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगून ठेवतो.

आपल्या हजेरीत माझा नंबर पंचवीस होता. सव्वीस कोणाचा होता, आठवतंय कुणाला?

समोरच्या दोन-तीन चेहऱ्यांवर मला दिसतंय की आठवतंय. नाव घेऊ नका. त्या माणसाने मला आजचं बोलायला परवानगी दिली आहे, नाव घ्यायला दिलेली नाही.

सव्वीस नंबर माझ्या बाकावर बसायचा. आवाज गोड, अक्षर मोत्यासारखं, चालणं जरा मुलींसारखं. आठवीच्या स्नेहसंमेलनात त्याने नाटकात सुनेचं काम केलं, तेव्हा अख्ख्या गावाने टाळ्या वाजवल्या होत्या. पुढच्या सोमवारी तोच मुलगा तसाच चालत व्हरांड्यातून निघाला, तर त्याच टाळ्या वेगळ्या वाजायला लागल्या. तुम्हाला माहीत आहे कशा. 'बायल्या' हा शब्द फळ्यावर लिहिला गेला होता. कुणी लिहिला हे आज शोधायचं नाही, मीही तेव्हा डस्टर उचललं नव्हतं. मधल्या सुट्टीत तो पाणी प्यायचा नाही. मे महिन्याच्या तोंडावरसुद्धा नाही. मला वाटायचं, उपास करतो. मुलांच्या मुतारीत जायची वेळ येऊ नये म्हणून तो तहान मारायचा, हे मला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी कळलं.

नववीत मलाही चिडवायला लागले. 'पंचवीस-सव्वीसची जोडी' म्हणून. मी वर्गशिक्षकांकडे जाऊन बाक बदलून मागितला. त्यांनी कारण विचारलं नाही, लगेच बदलून दिला. दिवाळीनंतर सव्वीस नंबर शाळेत आला नाही.

पुढची गोष्ट आपल्या भागात नवी नाही. घरी मार झाला. डोक्यात जट आली. घरच्यांनी देवीचं बोलावणं मानलं आणि सौंदत्तीला नेऊन मोती बांधले. पोरगा जोगता झाला. मंगळवार-शुक्रवार परडी घेऊन पाच घरं मागायची, लग्नात-जत्रेत चौंडक्यावर म्हणायचं. देवीच्या नावाने सोडण्याची चाल बंद व्हावी म्हणून महाराष्ट्राने २००५ मध्ये कायदा केला, पण तेव्हा हा माणूस चाळिशीत होता. एकाच वर्गातून निघालेल्या आपल्यापैकी कुणी डॉक्टर झालं, कुणी साखर कारखान्यात लागलं, कुणी बँकेत. आणि एकाने परडी घेतली. देवीवर माझा राग नाही, माझ्या आईची ती कुलदेवता. माझा राग त्यावर आहे की ज्या मुलाला घर आणि शाळा दोन्ही नकोत म्हणाली, त्याला फक्त देवीच्या पायरीने ठेवून घेतलं, आणि त्या पायरीवर पगार नसतो.

आता मी 'ती' म्हणेन. ती स्वतःला तसंच म्हणवते.

२०१२ साली मी तालुक्याच्या शाखेत शाखाधिकारी होतो. एका सकाळी केबिनच्या दारात नऊवारी नेसलेली, कपाळभर भंडारा लावलेली व्यक्ती. खातं उघडायचं होतं. चंचीत अकरा हजार रुपये, दहा-दहाच्या आणि पन्नासच्या नोटा, रबर लावलेल्या. कागद तीन. मतदार ओळखपत्रावर मुलाचं नाव आणि पुरुषाचा फोटो. सरपंचाच्या दाखल्यावर बाईचं नाव. रेशनकार्डावर तर नावच नाही, भावाने कमी करून घेतलेलं. मी वर न बघता म्हणालो, कागद जुळत नाहीत. तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "काय रं पंचवीस नंबर, वळीकलं न्हाईस व्हय?"

मी ओळखलं होतं. डाव्या भुवईवरची खूण मी ओळखतोच, आपल्या शाळेमागच्या वडावरून आम्ही दोघं एकदमच पडलो होतो. पण बाहेर दोन क्लार्क मान वर करून बघत होते. मी म्हणालो, "नियमात बसत नाही. कागद नीट करून या."

नियमात खरंच बसत नव्हतं, हा माझा बचाव. आणि नियमात बसवण्याचे दोन-तीन मार्ग मला ठाऊक होते, ही त्याच्या पुढची गोष्ट. ती गेली. ते अकरा हजार तिने भिशीत टाकले आणि भिशीवाल्याने बुडवले.

मित्रहो, आपल्याला 'एलजीबीटी' म्हटलं की टीव्हीवरची मुंबईची मिरवणूक आठवते. रंगीत झेंडे, इंग्रजी बोलणारी मुलं. म्हणून आपल्यापैकी पुष्कळांना वाटतं, हे पोट भरल्यावरचं दुखणं आहे. मलाही तसंच वाटायचं. माझ्या नात्यात एक मुलगा समलिंगी आहे. त्याच्या आईवडिलांनी दोन वर्षं रडून काढली, पण त्याची इंजिनिअरिंगची फी एकदाही थांबवली नाही. तो आज माझ्या पेन्शनच्या तिप्पट पगार घेतो. मला कळलेला फरक एवढाच. फी चालू राहिली की माणूस उभा राहतो. फी थांबली, ताट ओढून घेतलं, की तोच माणूस पंधराव्या-सोळाव्या वर्षी स्टँडवर येतो. इथून खाली जायला पायऱ्या फार नसतात. मंगती, नाही तर शरीरविक्रय, नाही तर हॉटेलात भांडी आणि रात्री तिथेच झोपणं. तृतीयपंथीयांच्या डेऱ्यात छप्पर मिळतं, माया पण मिळते. पण कमाईतला वाटा गुरूला द्यावा लागतो, आणि एक गुरू सोडून दुसऱ्याकडे जायचं तर पैसे भरून सुटका. बँक कर्ज देत नाही तिथे असंच होतं, मग ते ऊसतोड असो की डेरा.

आकडा सांगितल्याशिवाय मला बोलल्यासारखं वाटत नाही, म्हणून एकच सांगतो. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा स्त्री-पुरुष सोडून 'इतर' असा रकाना आला. देशात ४ लाख ८७ हजार लोकांची त्यात नोंद झाली, महाराष्ट्रात सुमारे ४१ हजार. लपून राहिलेले किती असतील ते सोडा. नोंद झालेल्यांत साक्षरता ५६ टक्के, तेव्हा देशाची सुमारे ७३. हा सतरा टक्क्यांचा खड्डा शाळेच्या फाटकातच पडलेला आहे.

मुली-बायकांचं आणखी वेगळं. त्या दिसतच नाहीत. इचलकरंजीकडच्या दोन बायका मला माहीत होत्या. ओळख पटेल असं काही सांगत नाही. घरच्यांनी लग्नं लावायचा घाट घातला म्हणून दोघी पळाल्या, एकाच खोलीत वीस वर्षं संसार केला, शिलाई कारखान्यात एकमेकींशेजारी मशीनवर बसल्या. लोक समजायचे बहिणी. थोरलीच्या नावावर मुदत ठेव होती, नॉमिनी नव्हता. ती गेली. ज्या भावाने वीस वर्षांत तोंड दाखवलं नव्हतं तो वारस म्हणून आला आणि ठेव घेऊन गेला. धाकटीने घरभाडं कसं भरलं, मला माहीत नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या वित्त मंत्रालयाने पत्रक काढलं की अशा जोडीदारांना एकत्र खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी लावायला काहीही अडसर नाही. आनंदाची गोष्ट. पण बँकवाला म्हणून सांगतो, ठेवीला नॉमिनी कोणीही लावता येतो. नात्यातलाच पाहिजे असं कधीच नव्हतं. अडसर नव्हता, सांगणारं माणूस नव्हतं. त्या ठेवीचं नूतनीकरण दर वर्षी कुणी ना कुणी बँकवाला करत होता, आणि एकानेही विचारलं नाही. नॉमिनी हा मालक नसतो, विश्वस्त असतो, म्हणून सोबत मृत्युपत्रही करायचं असतं. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन होतं. अशा जोडप्याला कुणी एवढं करून दिलं तरी म्हातारपणीची उपासमार टळू शकते.

मी परत माझ्या सव्वीस नंबरकडे येतो.

एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना तिसरं लिंग म्हणून मान्यता दिली. त्यांना सामाजिक आणि शैक्षणिक दृष्ट्या मागास समजून सवलती द्या, असंही सांगितलं. एप्रिल २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं की सगळ्या अर्जांवर तिसरा रकाना ठेवा. ते माझ्या टेबलावर आलं. मी वाचलं, सही केली, फाइलला लावलं. सौंदत्तीच्या वाटेवरचं एक माणूस मला त्या क्षणी आठवलं नाही असं मी म्हणणार नाही. आठवलं, आणि फाइल बंद केली.

मग २०२० चं टाळेबंदीचं वर्ष. लग्नं बंद, जत्रा बंद, दारं बंद. जोगवा घालणार कोण? केंद्र सरकारने तृतीयपंथीयांना प्रत्येकी १,५०० रुपयांची मदत दिली, थेट बँक खात्यात. खातं असेल तर! आम्ही बँकेतले काही जण शिधा वाटत होतो. ओळीत ती होती. मी पिशवी पुढे केली, तिने घेतली आणि म्हणाली, "ह्याला कागद लागत न्हाईत न्हवं?"

त्या महिन्यात मी तिचं जनधन खातं उघडलं. मोजून चाळीस मिनिटं लागली. २०१२ मध्ये लागली असती तर तासभर लागला असता. पुढच्या वर्षी केंद्राने परत १,५०० दिले, ते जमा झाले. पासबुकावर छापून आलेली ती ओळ तिने मला तीन वेळा वाचायला लावली. अक्षर मोत्यासारखं असलेल्या माणसाला आता वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा नव्हता.

मग मात्र आम्ही कागदांच्या मागेच लागलो. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तृतीयपंथी असल्याचं प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात. अर्ज केंद्राच्या पोर्टलवर होतो, त्याला तेव्हा वैद्यकीय तपासणी लागत नव्हती. आपल्यातल्या एकाच्या मुलीने सेतू केंद्रात बसून तो भरला. ती मुलगी इथे आहे, तिने मान खाली घातली आहे, घालू दे. प्रमाणपत्र आल्यावर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. त्यात तृतीयपंथी बसतात, वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत पाहिजे, महिना १,५०० रुपये मिळतात. तहसीलच्या पाच खेपा झाल्या. वयाचा पुरावा कुठून आणायचा, तर आपल्या शाळेतून. मुख्याध्यापकांचे आणि इथल्या क्लार्कचे मी जाहीर आभार मानतो. त्यांनी दहा मिनिटांत जनरल रजिस्टर शोधून काढलं. नाव, जन्मतारीख, प्रगती 'चांगली', वर्तणूक 'चांगली'. 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात लिहिलंय, 'सतत गैरहजर'.

माझ्या हाताखालून हजारो फॉर्म गेले. इतका खोटा रकाना मी पाहिला नाही, आणि तो भरणाऱ्याला मी दोषही देऊ शकत नाही.

आता मी भिक्षेला आलो आहे, असं समजा.

आपण कमानीसाठी साडेतीन लाख जमवले आहेत. कमान व्हावी, मीही पैसे दिले आहेत. पण त्या नकाशात वर जो दगडी कलश आणि दोन हत्ती आहेत, त्यांच्यासाठी ठेकेदाराने सव्वा लाख सांगितले आहेत. हत्ती नसले तरी मुलं आत येतील. त्या सव्वा लाखातलं पहिलं काम म्हणजे एक स्वच्छतागृह. एकट्याने जायचं, आतून कडी असलेलं, पाणी असलेलं, बाहेर मुलगा-मुलगी काही न लिहिलेलं. ते अपंग मुलालाही उपयोगी पडेल, पाळी आलेल्या मुलीलाही पडेल, आणि जो मुलगा तहान मारून बसतो त्यालाही. कुणी विचारायला नको की तुला हे कशाला.

उरलेल्या पैशांचा निधी ठेवायचा. सरकारची शिष्यवृत्ती आहे, नववीपासून पुढे शिकणाऱ्या तृतीयपंथी विद्यार्थ्याला वर्षाला १३,५०० रुपये. नेमकी नववीपासून. पण प्रमाणपत्राशिवाय ती मिळत नाही, आणि अठराच्या आतल्या मुलाचा अर्ज कायद्याने आई-वडिलांनी किंवा पालकाने करायचा असतो. ज्याने घराबाहेर काढलं त्याचीच सही! तिथे सरकारी योजना थांबते आणि आपल्यासारख्यांचं काम सुरू होतं. मी हिशेब करून पाहिला आहे. आपल्या भागात कॉट बेसिसवर जागा, खाणावळ, एसटीचा पास धरून महिना सहा हजारांच्या आसपास लागतात. दरवर्षी एका मुलाचं किंवा मुलीचं वर्ष वाया जाणार नाही एवढं आपण सगळे मिळून करू शकतो. आणि एक मूल घराबाहेर पडायच्या आधी त्याच्या बापाशी बोलायला गेलो, तर सहा हजारही लागणार नाहीत. त्या कामाला आपल्यातले निवृत्त शिक्षक सगळ्यांत चांगले. बापाच्या वर्गशिक्षकापुढे बाप अजून उभा राहतो.

व्यापारी मित्रांना एक विनंती. तुमचे पेट्रोल पंप आहेत, मंगल कार्यालयं आहेत, माग आहेत, दुकानं आहेत. पिंपरी-चिंचवड महापालिकेने तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षकांच्या कामावर घेतलं, महापालिका काही बुडाली नाही. पलीकडे कर्नाटकाने सरकारी नोकरीत एक टक्का जागा ठेवल्या आहेत. तुम्ही एक जागा ठेवा. पगार बँकेतून द्या, रोख नको. म्हणजे त्या माणसाचा कागद तयार होत जातो, आणि उद्या त्याला कर्ज मागता येतं. ज्यांच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या रिकाम्या आहेत त्यांनी भाडेकरार करून द्या. डिपॉझिट दुप्पट मागू नका. आणि कृपा करून दिवाळीला साडीवाटप करून फोटो काढू नका. मी काढले आहेत, म्हणून सांगतो. ती साडी कुणी नेसत नाही.

कुणी मला सकाळी म्हणालं, 'अरे, स्नेहमेळाव्यात हे कशाला?' मग कुठे? माझ्याकडे दुसरी हजेरी नाही.

तिला मी आजची पत्रिका स्वतः नेऊन दिली होती. तिने दोन्ही बाजू वाचल्या. सकाळी साडेनऊला प्रार्थना, जुन्या पद्धतीप्रमाणे रांगा, हे वाचून म्हणाली, "पंचवीस नंबर, मी कंच्या रांगंत हुबी ऱ्हाऊ? पोरांच्या का पोरींच्या?" मला उत्तर सुचलं नाही. ती आलेली नाही. तिने पत्रिकेबरोबर वर्गणीचे पाचशे एक रुपये पाठवले आहेत, खजिनदारांकडे मी ते दिले आहेत आणि पावती तिच्या आताच्या नावाने फाडायला सांगितली आहे.

जेवणानंतर तीन वाजता ज्यांना निधीत यायचं आहे त्यांनी नववी 'ब'च्या खोलीत या. अर्जांचे कोरे नमुने, नॉमिनीचे फॉर्म आणि हत्तींचं अंदाजपत्रक घेऊन मी तिथे बसलो आहे. ठेकेदाराला उद्या सकाळपर्यंत कळवायचं आहे.